आईने ओळखलेला घाट

चित्रपट पाहणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. एक वर्ग पडद्यावरच्या माणसांकडे पाहतो. दुसरा त्या माणसांच्या पाठीमागे काय आहे ते पाहतो. पहिल्या वर्गात बहुतेक सारे जग मोडते. दुसरा वर्ग लहान आहे आणि घरातल्या इतरांना काहीसा त्रासदायक आहे. विरहाचा प्रसंग ऐन रंगात आलेला असतो, नायिकेचे डोळे भरून आलेले असतात, आणि हा मनुष्य मध्येच उद्गारतो, "अरे, हा तर आपल्या गिरगावातला जिना!" झाले, विरहाचा विचका होतो. आमची आई या दुसऱ्या वर्गातली होती.

तिच्याविषयी लिहावे असे गेली कित्येक वर्षे मनात होते. पण तिच्याविषयी लिहायचे म्हणजे आमच्या एका चुकीविषयीही लिहायचे, आणि शिक्षकी पेशात उभा जन्म घालवलेल्या माणसाला इतरांच्या चुका दाखवण्याची जेवढी सवय असते, तेवढी स्वतःची चूक सांगण्याची नसते. म्हणून हे लेखन लांबत गेले.

आई वसईची. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंती तिच्या माहेरच्या वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होत्या. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, विहिरीवरचा रहाट आणि भरतीच्या वेळी कानी येणारी समुद्राची गाज यांत तिचे आयुष्य गेले. आम्ही मात्र १९८४ साली शिक्षकाची नोकरी धरून विसरवाडीस आलो आणि येथलेच झालो. सुरत–धुळे महामार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही घर न हलवता जिल्हा बदलला. एका अंगाला कोंडाईबारीचा घाट, दुसऱ्या अंगाला गुजरातची सीमा. आमच्या तालुक्याच्या गावचे, नवापूरचे, रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. एकाच फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते. माती मात्र तीच राहते. बाजाराच्या दिवशी मावची, भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषा एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. समुद्र मात्र येथून फार दूर.

२००५ साली बाबा गेले. वसईच्या घरात आई एकटी उरली. पुढल्या वर्षी आम्ही तिला विसरवाडीला घेऊन आलो. एस.टी.तून उतरताना तिने फलकावरचे गावाचे नाव वाचले आणि ती हसली. "मला विसरायला आणलंस होय रे इथं?" असे तिने विचारले. आम्हीही हसलो. तो विनोद आज आठवला की हसू येत नाही.

नव्या गावात तिला कोणाची भाषा पुरती कळेना, आणि तिची वसईची बोली येथे कोणाला उमगेना. दुपारी जपमाळ आणि संध्याकाळी दूरदर्शन संच, हे तिचे दोन आधार. पण ती गोष्ट बघत नसे. कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाला फसवले, याचा तिला पत्ता नसे. ती पात्रांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत असे. एखादे गाणे चालू असे, नाचणाऱ्यांच्या मागे एक भग्न कमान दिसे, आणि आई पुढे सरकून म्हणे, "हा आपला किल्ला." वसईचा किल्ला चित्रपटवाल्यांच्या आवडीचा. मुंबईहून जवळ, भिंती प्रशस्त, छप्पर उडालेले असल्यामुळे उजेड भरपूर. तिथे भूतांचे वाडेही उभे राहतात आणि प्रेमगीतेही गायली जातात. आईला या गोष्टीचे दुःख नव्हते. "निदान दिसतो तरी," एवढेच ती म्हणे.

आमची धाकटी मुलगी तेव्हा शाळकरी होती. आजीच्या या खेळात ती सामील झाली. दोघींच्या पैजा लागत. आजी चुकली की नात टाळ्या वाजवी. आजी चुकतही असे, हे येथे नमूद केले पाहिजे. एका पोशाखी चित्रपटातला बुरूज तिने वसईचा म्हणून छातीठोकपणे सांगितला. तो जंजिऱ्याचा निघाला. अशा दोनचार चुका झाल्यावर आम्ही तिचे बोलणे फारसे मनावर घेईनासे झालो. आमच्या चुकीची पायाभरणी येथे झाली.

२००८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. कोंडाईबारीकडून येणारा वारा पत्र्यावर पावसाचा मारा करीत होता, आणि दूरदर्शन संचावर 'स्वदेस' हा चित्रपट लागला होता. आशुतोष गोवारीकर यांचा हा चित्रपट डिसेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतल्या 'नासा' या अंतराळ संस्थेत काम करणारा मोहन भार्गव, शाहरुख खान यांनी रंगवलेला, आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या कावेरीअम्मांच्या शोधात भारतात येतो. दिल्लीहून एक घरासारखी गाडी घेऊन तो चरणपूर नावाच्या खेड्यात पोहोचतो. कथेप्रमाणे हे खेडे उत्तर प्रदेशात आहे. नदी, होड्या, दगडी पायऱ्यांचा अर्धवर्तुळाकार घाट, काठावरची देवळे. आई एकदम ताठ बसली. "हा घाट वाईजवळचा," ती म्हणाली. "वर देवळापाशी आपली घंटा आहे."

आम्ही त्या वेळी परीक्षेच्या वह्या तपासत होतो. हातात लाल पेन होते, आणि ते मनातही होते असे आता वाटते. आम्ही मान वर न करता म्हणालो, "आई, ही उत्तर प्रदेशातली गोष्ट आहे. वाई साताऱ्यात आहे. आणि घंटा देवळात असेल तर ती आपली कशी असेल?"

ती काही वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असेल बाबा. मास्तर तू आहेस."

त्यानंतर आई चित्रपट पाहत राहिली, पण जागा सांगेनाशी झाली. नात विचारी, "आजी, हे कुठलं गं?" आजी म्हणे, "कोण जाणे." आम्हाला वाटले, वयोमानाने तिचा तो छंद सुटला असेल. पुढे तिची स्मृती खरोखरच मंदावत गेली. २०१३ साली, उन्हाळा संपता संपता, ती गेली. विसरवाडीच्या मातीतच तिला विसावा मिळाला.

तीन वर्षे लोटली. २०१६ च्या आरंभी, धाकटी नाशिकला महाविद्यालयात शिकत असताना, सुटीत घरी आली होती. तिने भ्रमणध्वनीवर आम्हाला एक इंग्रजी गाणे दाखवले. 'कोल्डप्ले' नावाच्या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ते गाणे मुंबई परिसरात चित्रित झाले होते. त्या चित्रणावर त्या काळी बरीच टीका झाली. परदेशी माणसाला भारतात साधू, मोर आणि रंगांची उधळण यांपलीकडे काही दिसत नाही काय, असा टीकेचा रोख होता. पण आमच्या मुलीचे लक्ष तिकडे नव्हते. एका दृश्यापाशी तिने चित्र थांबवले. "बाबा, ही कमान बघा. हा आजीचा किल्ला." तो वसईचाच किल्ला होता. गाण्यात त्याचे नाव कोठेही नाही. जगभरातल्या कोट्यवधी लोकांनी ती कमान पाहिली आणि ते पुढे गेले. आमच्या मुलीने मात्र ती ओळखली, कारण आजीने तिचे डोळे तसे घडवले होते.

त्याच रात्री तिने विचारले, "आणि तो घंटेचा घाट? आजी कुठला म्हणाली होती?" आम्ही म्हणालो, "वाईजवळचा. पण तो नव्हे." तिने आमच्याशी वाद घातला नाही. तिने 'स्वदेस' पुन्हा लावला, आणि आम्हाला शेजारी बसवून घेतले.

त्या रात्री आमच्या मुलीने आम्हाला जे शिकवले ते खरे तर आम्हीच वर्गात शिकवीत आलो होतो. ती चित्र थांबवी आणि विचारी, हा दगड कोणता? गंगेच्या मैदानातले जुने घाट पाहावेत तर तेथे चुनारच्या खाणींतला फिकट पिवळसर वालुकाश्म दिसतो. येथे पडद्यावर काळा कातळ होता, आपल्या दख्खनचा, ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेला. नदीपलीकडे काय दिसते? डोंगर दिसतात. गंगेच्या सपाट प्रदेशात असे डोंगर असते तर भूगोलाची पुस्तके नव्याने लिहावी लागली असती. आणि लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले, माथ्यावर जणू सुरीने कापलेले असे सपाट डोंगर तर सह्याद्रीचेच. हे सारे आम्ही भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो होतो. पडद्यावर ते आमच्या डोळ्यांपुढे उभे होते, आणि आम्ही पात्रांच्या तोंडचे 'उत्तर प्रदेश' खरे मानून बसलो होतो. आई भूगोल शिकलेली नव्हती. ती दगड पाहत होती.

शोधता शोधता उलगडा झाला, आणि तो अवघडही नव्हता. 'स्वदेस'चे चरणपूर म्हणजे सातारा जिल्ह्यातले मेणवली, वाईपासून कोसभर अंतरावर, कृष्णाकाठी. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा तेथे आहे, त्यांनी बांधलेला घाट आहे आणि मेणेश्वराचे देऊळ आहे. मुंबईहून एका दिवसात गाठता येणारे, नदी, घाट, वाडा, डोंगर हे सारे एका जागी असलेले हे ठिकाण चित्रपटवाल्यांना सोयीचे पडले यात नवल नाही. वाई परिसर आजवर किती प्रदेशांची भूमिका करून बसला आहे! 'गंगाजल' या २००३ सालच्या चित्रपटात तो बिहार झाला. २०१० सालच्या 'दबंग'मध्ये तो पुन्हा उत्तर प्रदेश झाला. नटाला जसे नाना वेश, तसे गावांनाही. 'शोले'तले रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत उभे राहिले होते, आणि त्यातली आगगाडीवरची लढाई आपल्या पनवेलच्या बाजूला चित्रित झाली, हे बहुतेकांना आता ठाऊक आहे. पडद्यावरचा प्रवास नकाशावर काढू गेल्यास पेन्सिल मोडते.

आणि घंटा? घंटाही होती. देवळालगत एका छोट्या दगडी घुमटीत ती टांगलेली आहे. पंचधातूची, सुमारे ६५० किलो वजनाची, १७०७ हे साल कोरलेली आणि अंगावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची उठावाची आकृती असलेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या वेळी पोर्तुगीजांच्या चर्चमधून मराठ्यांनी नेलेल्या घंटांपैकी ही एक. आई म्हणाली होती, आपली घंटा. ती शब्दशः आपली होती.

वाचकहो, आम्ही इतिहासाचे शिक्षक. वसईची मोहीम आम्ही दरवर्षी वर्गात शिकवीत असू. वेढा, सुरुंग, बुरुजावरची झुंज, दोन्ही बाजूंची मनुष्यहानी, तहाची कलमे. मुलांना तो धडा आवडे, आणि आम्हालाही शिकवताना स्फुरण चढे, कारण रणांगण आमच्या आजोळच्या दारातले. पण लढाई संपल्यावर घंटांचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. धडा तहापाशी संपत असे आणि आम्हीही तेथेच थांबत असू. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिचा इतिहास मात्र तहानंतर सुरू होत होता.

आईला हे कसे कळले असावे, याचे उत्तर आमच्या धाकट्या मावशीकडे होते. वसईस दूरध्वनी लावला तेव्हा ती म्हणाली, "अरे, आम्ही गेलो होतो ना! अडुसष्ट साली. चर्चच्या बायकांची पाचगणीची सहल." एस.टी.ची खास गाडी केली होती. वाईला गाडी थांबली तेव्हा कोणीतरी मेणवलीच्या घंटेची गोष्ट काढली, आणि सगळ्या बायका घाट उतरून, चढून तेथे गेल्या. "गुरवाने काही विचारलं नाही," मावशी सांगत होती. "आम्ही डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिलो. त्याने मधे ठेवलेली पाण्याची कळशी तेवढी उचलून बाजूला केली, आम्हाला नीट दिसावं म्हणून. तुझ्या आईने हळूच नमो मरिया म्हटली. आम्ही सगळ्यांनी म्हटली."

१९६८ साली आम्ही आठ वर्षांचे होतो. ती सहल आम्हाला आठवते. म्हणजे आई दोन दिवस घरी नव्हती हे आठवते, आणि परतताना तिने महाबळेश्वरी मधाची बाटली आणली होती ती आठवते. घंटेची हकीकत तिने तेव्हा नक्की सांगितली असणार. आम्हाला मध लक्षात राहिला, घंटा राहिली नाही. आपण आईवडिलांचे ऐकतो ते असे.

२०१७ च्या नाताळच्या सुटीत आम्ही तिघे मेणवलीस निघालो. कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्री, पुढे सटाण्यावरून नाशिक. नाशिकला मुक्काम होता, म्हणून संध्याकाळी पंचवटीत गोदाकाठी गेलो. तेथे नारोशंकराच्या देवळाच्या तटावर अशीच एक प्रचंड घंटा आहे, तीही वसईच्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाते. विसरवाडीहून आमच्या धर्मप्रांताच्या गावी, नाशिकला, आम्ही तीस-पस्तीस वर्षे कामानिमित्त येत होतो. गोदाकाठावरून कितीदा गेलो असू. मान वर करून ती घंटा त्या संध्याकाळी प्रथमच डोळे भरून पाहिली.

नाशिक जिल्ह्यातले त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळक्यांचे जन्मस्थान. रात्री त्यांची आठवण निघाली. मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर येशूचे प्रसंग सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहू लागली, असे त्यांनीच पुढे १९१७ साली लिहून ठेवले आहे. त्या ध्यासातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. धाकटी म्हणाली, "म्हणजे त्यांनीसुद्धा पडद्यावर एक पाहिलं आणि त्यांना दुसरं दिसलं. आजीसारखं." आम्ही क्षणभर विचार केला. फाळक्यांना जे दिसले ते अजून व्हायचे होते. आईला जे दिसले ते होऊन गेलेले होते. पण दोघांचीही नजर पडद्याच्या पलीकडे पोहोचत होती, हे खरे.

दुसऱ्या दिवशी पुणे ओलांडून, खंबाटकीचा घाट चढून, सुरूरला वळून वाईस पोहोचलो. मेणवलीच्या घाटावर पाय ठेवला तेव्हा ऊन कलले होते. पहिली जाणीव झाली ती घाटाच्या लहानपणाची. पडद्यावर तो केवढा दिसला होता! कॅमेरा जागेला मोठे करतो, आठवण तिला दूर नेते, आणि प्रत्यक्ष जागा आपली मुकाट्याने आहे तेवढीच असते. एक बाई पायरीवर कपडे धूत होती. दोन तरुण, हातात भ्रमणध्वनी घेऊन, शाहरुख खान नेमका कोठे उभा होता ते ठरवीत होते. एकाने आम्हाला विचारले, "काका, तुम्हीपण 'स्वदेस'साठीच का?" आम्ही 'हो' म्हणालो. ते पुरते खोटे नव्हते.

मग पायऱ्या चढून घंटेपाशी गेलो. ती आकृती काळाने थोडी झिजली आहे, पण कडेवरचे बाळ स्पष्ट दिसते. आमच्या पत्नीने डोक्यावर पदर घेतला. मुलीने ओढणी घेतली. आम्ही चपला काढून उभे राहिलो, आणि मावशीने सांगितलेली कळशी तेथे कोठे असेल ते नकळत शोधू लागलो.

ही घंटा कोणाची, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतील, आणि उत्तरेही तयार असतील. १७०७ ते १७३९ एवढीच वर्षे ती पोर्तुगीजांकडे होती. त्यानंतर कृष्णाकाठच्या लोकांनी तिला दोनशेहून अधिक वर्षे जपले, आणि तिच्यावरची आई आणि मूल पुसून टाकावे असे त्यांतल्या कोणाला वाटले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. युद्धात नेलेली वस्तू ती युद्धात नेलेलीच. त्यावर आम्ही गोड पांघरूण घालू इच्छीत नाही. पण आमच्या आईला ती परत हवी होती असे तिच्या त्या एका वाक्यातून आम्हाला कधी जाणवले नाही. परक्या मुलुखात राहिलेल्या लेकीला सणावारी कोणी नावाने हाक मारावी, तसे ते वाक्य होते. ओळखणे म्हणजे मागणे नव्हे. कोणीतरी ओळखले म्हणजे पुरे, एवढेच काही वस्तूंना आणि काही माणसांना हवे असते. आई स्वतः त्या वेळी वसईपासून दूर, एका अनोळखी गावी, परक्या बोलीत राहत होती. हे आमच्या ध्यानात तेथे, त्या घुमटीपाशी आले.

'स्वदेस'मध्ये एक प्रसंग आहे. गावात पांढरा पडदा बांधून 'यादों की बारात' दाखवला जातो. गावातले प्रतिष्ठित पडद्यापुढे बसतात. खालच्या मानलेल्या जातींचे लोक पडद्यामागे बसून उलटे चित्र पाहतात. वीज जाते, आणि मोहन तो पडदा खाली उतरवतो. हा प्रसंग पाहताना आम्हाला विसरवाडीतले पहिले दिवस आठवतात. बाजाराच्या मैदानावर असाच पडदा लागे, आणि जागा न मिळालेली पाड्यांवरची मुले पलीकडे बसत. त्यांतला एक आमचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाला होता, "सर, हिरो डावखुरा आहे." सारा वर्ग हसला होता, आणि आम्हीही त्याला 'उजव्या हाताचा' असे दुरुस्त केले होते. वास्तविक त्याने पाहिले ते बरोबरच पाहिले होते. तो कोठे बसला होता, एवढे विचारायचे आम्ही विसरलो होतो.

आईबाबतही असेच झाले. 'हे चूक आहे' असे म्हणण्याआधी 'हे तू कशावरून ओळखलेस?' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर तिने पायऱ्यांचा आकार सांगितला असता, काळा दगड सांगितला असता, सहल सांगितली असती, गुरवाने उचललेली कळशी सांगितली असती. त्या एका प्रश्नाच्या अभावी एवढे सारे तिच्याबरोबर गेले, आणि जे मिळाले ते मावशीच्या कृपेने मिळाले. एम्माव्सच्या वाटेवर शिष्यांनी प्रभूला चेहऱ्यावरून ओळखले नाही, भाकर मोडताना ओळखले. ओळखीची खूण ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच असते. ती बाहेरून दिसत नाही, विचारावी लागते.

परतल्यावर आम्ही मुलीच्या मदतीने एक वही घातली. आईने कोणकोणत्या चित्रपटात कोणकोणती जागा ओळखली होती, ते दोघांना आठवेल तसे लिहून काढले. नऊ नोंदी झाल्या. आणखी कितीतरी असतील; आम्ही ऐकल्या नाहीत त्यांची नोंद कशी होणार? त्यांपैकी चार आजवर बरोबर ठरल्या. दोन चुकीच्या निघाल्या. त्यांत तो जंजिऱ्याचा बुरूज आहे. उरलेल्या तिन्हींत एक लहान विहीर आहे, एक गल्ली आहे आणि एका घराचा ओटा आहे. ती विहीर, ती गल्ली आणि तो ओटा आता वसईत राहिलेले नाहीत. तेथे इमारती आहेत. ते केवळ त्या चित्रपटांत, नाचणाऱ्यांच्या पाठीमागे, काही क्षण उरले आहेत. चित्रपटाची गोष्ट रचलेली असते, पात्रे रचलेली असतात, पावसाचे पाणीसुद्धा टाकीतले असते. पण मागची भिंत खरी असते. दिग्दर्शकाच्या मनात नसतानाही तो आपल्या आज्यांचे ओटे जपून ठेवतो. ते कोणाचे हे सांगणारे माणूस मात्र घरात लागते.

२०१३ सालच्या 'लंचबॉक्स' या चित्रपटात वांद्र्याचा एक विधुर आहे, साजन फर्नांडिस. इरफान खान यांनी तो रंगवला. तो आपल्या गेलेल्या पत्नीच्या आवडीची जुनी मालिका ध्वनिचित्रफितींवर पुन्हा पुन्हा पाहतो. मालिका पाहणे हा त्याचा हेतूच नसतो. निवृत्तीनंतर नाशिकला जाऊन राहण्याचा त्याचा बेत असतो. आम्हीही अलीकडे 'स्वदेस' अधूनमधून लावतो, आणि घाट येईपर्यंत पाहतो.

२०१८ साली आम्ही निवृत्त झालो. त्याआधी काही आठवडे, वर्गात एक प्रसंग घडला. पाड्यावरून येणारा सातवीतला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "सर, काल पिक्चरमध्ये आमचा डोंगर दाखवला." तो ज्या चित्रपटाविषयी बोलत होता तो आम्ही पाहिला होता. तो डोंगर येथला असणे शक्य नव्हते. वर्गात हसू फुटू लागले होते. लाल पेन आमच्या खिशात होते.

आम्ही खुर्ची ओढून त्याच्या बाकाजवळ बसलो आणि विचारले, "कशावरून ओळखलास?"

तो सांगू लागला. डोंगराच्या डाव्या अंगाला एक सुळका आहे, त्याच्या खाली पाणी झिरपते, तेथे त्याची आजी मोह वेचायला जाते, आणि तिने त्याला एकदा सांगितले होते की... तास संपल्याची घंटा झाली. तो सांगतच होता. आम्ही उठलो नाही.